आगकाड्यांना जीव देणारे दादासाहेब

तुमच्या घरात काडेपेटी असते. तुम्ही तिला माचिस म्हणता. तिच्यातल्या काडीला मराठीत आगकाडी म्हणतात. चूल पेटवायची, दिवा लावायचा, की काडीचे काम संपले. पण समजा, पेटीतून काड्या आपोआप बाहेर आल्या, ओळीने उभ्या राहिल्या आणि त्यांचे कधी फूल, कधी घर, कधी माणूस तयार झाले, तर? तुम्ही डोळे विस्फारून पाहत राहाल.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१५ साली, आपल्या महाराष्ट्रातील एका माणसाने असाच एक छोटा चित्रपट तयार केला. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. 'मौज' हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत त्याचा अर्थ लाट असाही होतो आणि आनंद असाही होतो. मराठीने त्यातला आनंद उचलला. हा चित्रपट आज कोणाला पाहायला मिळत नाही. तो तयार करणाऱ्या माणसाचे नाव मात्र साऱ्या देशाला माहीत आहे. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. नाशिक आपल्या जालना जिल्ह्यापासून फार दूर नाही. जालना स्टेशनवर मनमाडकडे जाणारी गाडी धरली, की पुढे नाशिक गाठता येते. धुंडिराजांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापकाची नोकरी मिळाली आणि सारे कुटुंब मुंबईला आले.

लहानपणापासून धुंडिराजांचे हात स्वस्थ बसत नसत. चित्रे काढावीत, नाटकाचा खेळ करावा, जादू करून दाखवावी, यांत ते रमून जात. वडिलांनी त्यांची आवड ओळखली. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे १८९० साली ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे ते चित्रकला शिकले, मूर्ती घडवायला शिकले आणि छायाचित्रणही शिकले.

शिक्षण झाले, पण पोट भरण्याचा मार्ग सहज सापडला नाही. गुजरातमधील गोध्रा गावी त्यांनी फोटो काढण्याचे दुकान उघडले. त्या काळात प्लेगची साथ आली. या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. भरला संसार मोडला. दुकान बंद करून ते तेथून निघाले.

पण माणूस खचला नाही. ते जादूचे प्रयोग करू लागले. प्रयोगासाठी त्यांनी एक मजेदार नाव घेतले, प्रोफेसर केळफा. हे नाव कोठून आले? 'फाळके' ही अक्षरे तुम्ही उलट क्रमाने वाचा. के, ळ, फा. झाले ना केळफा! जादूगाराला पाहणाऱ्याची नजर कशी फसते हे नीट ठाऊक असते. दादासाहेबांची ही विद्या पुढे फार उपयोगी पडली.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या कथेत त्यांचा वाटा मोठा आहे. १९०३ साली दादासाहेब सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून लागले. काही वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईचे यंत्र आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि दादासाहेब त्यातूनही बाहेर पडले. वय चाळिशीला आले होते. हातात काहीच नव्हते.

अशा वेळी मुंबईच्या गिरगावात तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्तांच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर विलायती माणसे चालत होती. दादासाहेबांच्या मनात विचार आला, की या पडद्यावर आपल्या देशाच्या कथा, आपली माणसे का दिसू नयेत? त्या विचाराने त्यांना झपाटले. रोज सिनेमा पाहायचा, घरी येऊन पुस्तके वाचायची, जुन्या कॅमेऱ्यावर प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. ना पुरेशी झोप, ना विश्रांती. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. त्यांना दिसेनासे झाले.

विचार करा मुलांनो, ज्याला पडद्यावर चित्रे हलवायची आहेत त्याचीच दृष्टी गेली! घरात पैसा नाही, धंदा नाही आणि आता डोळे नाहीत. त्या दिवसांत सरस्वतीबाईंनी धीर सोडला नाही. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी चिकाटीने उपचार केले, निरनिराळे चष्मे लावून पाहिले. हळूहळू दृष्टी परत आली. नजर येताच दादासाहेब पुन्हा त्याच कामाला लागले.

चित्रपटाची विद्या शिकवणारे तेव्हा येथे कोणी नव्हते. त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे ते वाचक होते. म्हणून ते सरळ त्या साप्ताहिकाच्या संपादकांना, कॅबर्न यांना, जाऊन भेटले. कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातील धोके सांगितले. पण पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या कारखान्यात दादासाहेबांनी सारे काम जवळून पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी खरेदी केले. १ एप्रिल १९१२ रोजी ते मायदेशी परत आले.

आता चित्रपट काढायचा तर भांडवल हवे. पण हलणारी चित्रे काढू म्हणणाऱ्या माणसाला पैसे कोण देणार? लोकांची खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी एक युक्ती केली. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला. ठरावीक वेळ गेला की ते एक चित्र घेत. पुन्हा थांबत, पुन्हा एक चित्र घेत. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले. मग सारी चित्रे सलग दाखवली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल वर चढला, आणि हे सारे मिनिटा-दीड मिनिटात! या छोट्या चित्रपटाचे नाव 'अंकुराची वाढ'. तो पाहून काही जणांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले.

हलणारे चित्र म्हणजे काय, हे येथे समजून घेऊ. फिल्मवर प्रत्यक्षात काहीच हलत नाही. तिच्यावर एकामागून एक स्थिर चित्रे असतात. मूकपटांच्या काळात एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे डोळ्यांसमोरून जात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा थोडे वेगळे असते. ती इतक्या झपाट्याने जातात, की आपल्याला सलग हालचाल दिसते. आता हिशोब करा. एका मिनिटासाठी किती चित्रे लागतील? सोळा गुणिले साठ, म्हणजे नऊशे साठ!

दादासाहेबांचा पहिला मोठा चित्रपट होता 'राजा हरिश्चंद्र'. दादरच्या घरात काम सुरू झाले. त्या वेळी स्त्रिया चित्रपटात काम करायला तयार होत नसत. म्हणून तारामती राणीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले. तो एका उपाहारगृहात काम करत असे. सरस्वतीबाई दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. पडद्यावर त्या कधी दिसल्या नाहीत, पण त्यांच्या हातांशिवाय तो पडदा उजळला नसता. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांना पाहायला मिळाला. लोकांनी गर्दी केली.

त्यानंतर दादासाहेब नाशिकला राहायला गेले. तेथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट केले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामे केली. चित्रपटात काम करणाऱ्या त्या आपल्या देशातील पहिल्या स्त्रिया मानल्या जातात. १९१४ साली हे तिन्ही चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांची वाहवा केली. तेथेच राहून चित्रपट काढावेत, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. आपल्या देशातच हा धंदा उभा करायचा, हे त्यांनी ठरवले होते.

पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. ज्यांच्या भांडवलावर काम चालायचे त्यांनी हात आखडता घेतला. परदेशातून येणारी कोरी फिल्म मिळणे कठीण झाले. घरी परतलेल्या दादासाहेबांसमोर मोठा प्रश्न उभा राहिला. नाशिकला त्यांच्या भरवशावर कितीतरी माणसे राहत होती. मोठा चित्रपट काढायला पैसा नाही आणि काम थांबवले तर सारे विखुरणार. अशा वेळी काय करावे?

दादासाहेबांनी मोठा चित्रपट बाजूला ठेवला आणि छोटे छोटे चित्रपट करायला घेतले. आगकाड्यांचा चित्रपट याच अडचणीच्या दिवसांतला. काड्यांना पगार द्यावा लागत नाही, त्यांना कपडे लागत नाहीत आणि त्यांना जेवण वाढावे लागत नाही. लागते ते फक्त चिकाटी. काड्या मांडायच्या आणि एक चित्र घ्यायचे. मग प्रत्येक काडी केसभर सरकवायची आणि दुसरे चित्र घ्यायचे. हात चुकून लागला, एखादी काडी जागेवरून हलली, तर तो सारा भाग पुन्हा करायचा. सोळा वेळा एवढी काळजी घ्यावी, तेव्हा पडद्यावर एक सेकंदाचे काम होते. पाहणाऱ्याला मात्र काड्या स्वतःच चालतात, नाचतात, आकृत्या बनवतात असे वाटते. जो माणूस एकेकाळी डोळ्यांनी अधू झाला होता, त्याने हे केसभर फरकाचे काम केले, हे विसरू नका.

अशा प्रकारच्या चित्रपटाला आता ॲनिमेशन म्हणतात. ही कला त्या वेळी जगातही नवी होती. फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या कलावंताने १९०८ साली आगकाड्यांचाच एक छोटा चित्रपट केला होता. दादासाहेबांना त्यावरून कल्पना सुचली असावी, असे अभ्यासक मानतात. चांगली गोष्ट कोठलीही असो, ती पाहावी, शिकावी आणि आपल्या हातांनी करून पाहावी, हा दादासाहेबांचा स्वभावच होता. त्यांनी 'लक्ष्मीचा गालिचा' नावाचा एक छोटा चित्रपटही केला. त्यात काड्यांऐवजी नाण्यांचा खेळ होता.

पुढे त्यांचे दिवस पालटले. १९१७ साली 'लंका दहन' आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. या चित्रपटाची मिळकत एवढी झाली, की चिल्लर नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' हे त्या काळातले चित्रपट. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाचे काम दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी हिने केले. चित्रपट कसा तयार होतो हे सामान्य लोकांना कळावे, म्हणून त्यावरही त्यांनी एक छोटा चित्रपट काढला. आपली विद्या लपवून ठेवणे त्यांना ठाऊकच नव्हते.

पण भागीदारांशी त्यांचे पुन्हा पटले नाही. काही काळ ते सारे सोडून काशीला जाऊन राहिले. परत आले तेव्हा जग बदलत होते. १९३१ साली 'आलम आरा' हा आपल्या देशातील पहिला बोलपट आला. मूकपटांचा काळ संपला. दादासाहेबांनी १९३७ साली कोल्हापूरला 'गंगावतरण' हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्याने एवढा मोठा धंदा उभा केला, त्याचे शेवटचे दिवस हलाखीत गेले.

१९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटक्षेत्रातील हा सर्वोच्च सन्मान समजला जातो. संगीतकार नौशाद यांना तो १९८१ सालासाठी, उर्दूचे शायर मजरूह सुलतानपुरी यांना १९९३ सालासाठी आणि दिलीपकुमार यांना १९९४ सालासाठी मिळाला. म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या एका मुलाचे नाव साऱ्या भाषांच्या कलावंतांच्या नावाशी जोडले गेले.

दादासाहेबांनी शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट केले. त्यांपैकी फारच थोड्यांचे तुकडे आज शिल्लक आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चासुद्धा काही भागच उरला आहे. असे का झाले? त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी होती. ती उष्णतेने, दमट हवेने खराब होई. फिल्मवर चांदीचा अंश असे. जुने चित्रपट चालेनासे झाले, की चांदी काढण्यासाठी लोक ते विकून टाकत. चित्रपट जपून ठेवावेत, हे तेव्हा फार थोड्यांना सुचले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळ काही नष्ट झाले होते. आगकाड्याही त्यातच गेल्या.

काड्यांपासून सुरू झालेली वाट मात्र थांबली नाही. १९२६ साली जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी कापलेल्या सावल्यांच्या आकृत्यांतून शाहजादा अहमदची कथा पडद्यावर आणली. ती कथा कोठली? तुमच्या ओळखीच्या अलिफ लैलातली! आज उपलब्ध असलेला तो सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट आहे. आपल्याकडे १९३४ साली प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा एका कोल्ह्याचा छोटा चित्रपट काढला. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' हा चित्रपट केला. त्यात चिमण्या सारे बळ एकवटून जाळ्यासकट उडून जातात. दूरदर्शनवर तो मुलांनी वर्षानुवर्षे पाहिला. तुमच्या अम्मी-अब्बांना विचारा, त्यांना तो नक्की आठवेल.

मित्रांनो, पडद्यावरची फिल्म खराब होते, पण पाहणाऱ्याच्या मनात चित्र बराच काळ राहते. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कोठेही राहत असा, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. जत्रेत, उरुसात तंबूतला सिनेमा त्यांनी पाहिला होता का? मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी दाखवलेले एखादे छोटे चित्र त्यांना आठवते का? दादी, नानी, दादाजान जे सांगतील ते मराठीत चार ओळींत लिहून ठेवा. कोणी लिहिले नाही तर त्यांच्याबरोबर तेही निघून जाईल.

आणि आणखी एक करा. एक जुनी वही घ्या. तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक आगकाडी काढा. पहिल्या पानावर ती आडवी असू द्या. पुढच्या प्रत्येक पानावर तिचे टोक थोडे थोडे वर उचला. चाळीस पाने झाली की अंगठ्याने पाने भराभर सोडा. आडवी काडी उठून उभी राहील. तुमच्या हातातली काडी उठेल, तेव्हा तुम्हाला कळेल, की नाशिकच्या त्या खोलीत युद्धाच्या दिवसांत एक माणूस एवढ्या शांतपणे काय करत बसला होता.